दहा मिनिटांचा लाल दिवा

पालीच्या चंद्राबाईच्या घरात कुठलीच वस्तू एका कामात सुटत नाही. लिंबू पिळून झालं की सालीनं तांब्या घासायचा, मग साल वाळवून चुलीत घालायची. राजगडाला आलेली पोरं टाकून जातात त्या बाटल्यांत तिचं भोपळ्याचं बी असतं. तिचा नवरा गेनबा म्हणतो, "हिला माशी घावली तर हिनं ती बी दावणीला बांदली असती."

तिचा उजवा गुडघा मात्र एका कामालाही पुरेना. गेल्या गौरीला सुनेची आई, शिवऱ्याची साळूबाई, आली होती. दर सालासारखी दोघींची फुगडी रंगली, आणि चौथ्या-पाचव्या गिरकीला चंद्राबाईनंच हात सोडून भिंत धरली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साळूबाई पदराआड हसली. "इहीणबाई, औंदापासनं तुमी बसून टाळ्या वाजवा. त्ये काम सोपं हाय."

ते वाक्य गुडघ्यापेक्षा जास्त ठणकत राहिलं. पुढच्या गौरीला हात सोडायचा नाही, एवढंच चंद्राबाईनं मनाशी धरलं.

उन्हाळ्यात ती नसरापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी लाल दिव्याखाली दहा मिनिटं बसवलं, पाय उचलायचा व्यायाम दाखवला. बरं वाटलं. पण दहा मिनिटांच्या शेकापायी अर्धा दिवस एसटीत, आणि घरी येईतो गुडघा आखडून पुन्हा जिथल्या तिथं! सून माधुरीनं मोबाईलवर दाराएवढी लाल दिव्यांची फळी दाखवली. किंमत ऐकून चंद्राबाई म्हणाली, "येवढ्यात दुबती म्हस यील. वर शान बी दील."

पुढच्या खेपेला हे ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, फळी नको. साधा स्टँडचा दिवा घ्या. हातभर लांब ठेवायचा, दहा मिनिटं, रोज. दिवा नुसता गुडघा मोकळा करतो. ताकद व्यायामानंच येते."

दिवा आला. पहिल्याच दिवशी चंद्राबाईनं तो गुडघ्याला जवळजवळ चिकटवला आणि तासभर हलली नाही. "इकत घेतलाय, भाड्यानं न्हाई!" उठली तेव्हा गुडघा टमाट्यासारखा लाल. माधुरी थंड पाण्याची फडकी ठेवत म्हणाली, "आत्या, गुडगा हाय त्यो, भाकर न्हाई. लई शेकला म्हनून फुगून मऊ व्हायचा न्हाई."

आठवडाभर दिवा बंद. मग हातभर लांब, मोजून दहा मिनिटं. पण आता नवंच दुखणं सुरू झालं. दहा मिनिटं जळून दिवा बाकीचा सारा दिवस कोपऱ्यात नुसता उभा! चंद्राबाईच्या डोळ्यांत तो सलायला लागला. तिच्या घरात एवढा आराम कुणालाच नव्हता.

भातलावणीला गावात सावड चालते: आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. चंद्राबाईनं तीच गुडघ्यांना लावली. दुपारी पाच जणी आपापली गोधडी घेऊन यायला लागल्या. एकीनं दहा मिनिटं दिव्याखाली बसायचं, मग वीस वेळा पाय उचलायचा. जी कंटाळा करील तिची उद्याची पाळी गेली. साखरेचं दुखणं असलेले रखमाजी आले, त्यांना तिनं दारातूनच वळवलं. "आदी डॉक्टरीणबाईला इचारून या, भावजी. पायाला चटका कळतो का न्हाई, त्ये बगू द्या त्यास्नी."

प्रत्येकीच्या पाळीला ही मात्र सोबत पाय उचलायची. "दिवा जळतोय तर आपुन रिकामं का बसायचं?" बाकीच्यांचे वीस, हिचे दुपारभरात शंभराच्या वर. सुरुवातीला पाय वीतभरही उचलेना. श्रावण आला तरी आपल्यात काही फरक पडलाय हे तिच्या ध्यानात नव्हतं. मग एक दिवस ती माळ्यावरून गौरींचे मुखवटे घेऊन उतरली आणि गेनबा बघतच राहिला.

"आगं, शिडी कुनी धरली?"

"कुनी न्हाई," चंद्राबाई म्हणाली, आणि तीच चमकली. मग सुनेकडे वळून, "माधुरे, आईला फोनवर बोलशील तर बग!"

गौरीजेवणाच्या दुपारी पानं उठली आणि साळूबाईनं पदर खोचला. "बसताय नव्हं, इहीणबाई?"

चंद्राबाईनं दोन्ही हात पुढं केले. पाय जुळले, अंगं मागं झुकली, बांगड्या वाजू लागल्या. तिनंच गाणं धरलं:

"हंड्यात शिजतो इंद्रायणी भात,
इहीणबाई, इहीणबाई, सोडू नका हात!"

पाचवी गिरकी गेली, दहावी गेली. दुपारच्या सावडीतल्या पाची जणी भिंतीला लागून टाळ्या पिटत होत्या. साळूबाईचा अंबाडा सुटला.

"पुरं! सोडा आता!"

"ग्येल्या साली म्या सोडला. औंदा न्हाई!"

शेवटी दोघी मिळूनच भाताच्या पोत्यांवर आदळल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. साळूबाईनं दोन्ही हातांनी आपला गुडघा धरला होता. "खरं सांगा, काय खाल्लंत?"

चंद्राबाईनं तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं, दिवा हातभर लांब सरकवला. "धाच मिनटं. मंग पाय उचलायचा. ईस!"

दुसऱ्या दिवशी गौरींची पाठवणी झाली. साळूबाईची पिशवी मात्र दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली. आई राहिली म्हणून माधुरी घरभर गुणगुणत फिरत होती. चौथ्या दुपारी साळूबाई कोपऱ्यात पाय उचलत होती, तेव्हा गेनबानं बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "गौरी कवाच गेल्या. इहीन कवा जायची?"

"हळू बोला वो," चंद्राबाई म्हणाली. "तिचं अठरा झाल्यात. दोन ऱ्हायल्यात."