उरलेल्या दोन चकत्या

बिरू पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि मी त्याला खिडकीजवळ बसायला सांगितलं. तेव्हा मी अशीच होते. सगीरा मॅडम म्हटलं की पोरं जिना बदलायची.

देवगाव रंगारीकडचा हा धनगराचा मुलगा मुकुंदवाडीत खोली घेऊन राहायचा. सकाळी कॉलेज, आणि दुसऱ्या पाळीला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्र्यातून गोल चकत्या कापायचं काम. आमच्याकडे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला गणिताचा स्वतंत्र प्रकल्प करावा लागे. त्यात जो नापास, त्याची पदवी गेली. बाकीच्यांनी पुस्तकातले विषय उचलले. बिरूने विषय घेतला तो चकत्यांचाच: चौकोनी पत्र्यातून जास्तीत जास्त चकत्या कशा निघतील?

ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. खोलीतला जोडीदार फकिरा मोर्चात गेला म्हणून घरमालकाने बिरूला सांगितलं, त्याला काढ. बिरूने फकिरासोबत स्वतःचीही वळकटी उचलली. विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे, असं तो वर्गातही बोलायचा, आणि निम्म्या वर्गाने त्याच्याशी बोलणं टाकलं. आंदोलनात कॉलेज दीड महिना बंद होतं. तेवढ्यात पठ्ठ्याने वही पूर्ण केली.

त्याच्या प्रकल्पाची मार्गदर्शक मीच होते. मी वही उघडली आणि भडकले. वरच्या ओळीतली चकती खालच्या दोन चकत्यांमधल्या खाचेत बसवली की पत्रा कमी वाया जातो, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. याने लिहिलं होतं, लहान पत्र्यावर सरळ ओळीच बऱ्या. मी पानभर लाल फुली मारली आणि शंभरपैकी वीस गुण दिले. तो दोनदा भेटायला आला. कारखान्यातला अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे, असं सांगून मी त्याला दोनदा परत पाठवलं. खरं सांगायचं तर पुढचं पान मी उलटलंच नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून तात्यासाहेब नावाचे परीक्षक आले. फुली पाहून त्यांनी बिरूला विचारलं, मॅडमचं म्हणणं मान्य आहे का? बिरूने पिशवीतून एक चौकोनी लाकडी चौकट काढली आणि सोळा चकत्या. चारच्या चार सरळ ओळी लावल्या. चौकट गच्च भरली. मग सगळ्या काढून खाचेत बसवत गेला. चार, तीन, चार, तीन. वर थोडी पट्टी मोकळी राहिली, पण तिच्यात पाचवी ओळ मावेना. चौदा आत, दोन त्याच्या तळहातावर.

"मॅडम, ह्या दोन कुठं ठिवू?" त्याने मला विचारलं.

तात्यासाहेबांनी पुढचं पान उलटलं. चौकटीच्या एका बाजूला सात चकत्या मावतात तोवर सरळ ओळी सरस, आठ मावल्या की खाचेची मांडणी पुढे जाते. सगळं पायरीपायरीने सिद्ध केलेलं होतं. पुस्तकातलं विधान खरं होतं, पण ते अमर्याद पत्र्यासाठी. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दोघांनी मिळून ब्याऐंशी गुण दिले. मी फुलीचं पान फाडायला घेतलं तर बिरूने वहीवर हात ठेवला.

"फुली ऱ्हाऊ द्या, मॅडम. खाली चूक कुणाची ते लिव्हा."

मी त्याच लाल पेनाने लिहिलं, चूक मार्गदर्शकाची, आणि खाली सही केली.