पळी-तांब्याची मोहर

रोमन देवांना सोवळं पाळायला लावणारा माणूस साऱ्या जपानात एकच होता, आणि तो कोबेत आमच्या हॉटेलच्या मागच्या चढावर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. चाळीस वर्षं इथे काढलेली, काकू जपानी, मुलं मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देणारी, आणि काकांचा जीव पाच रोमन मोहरांत. प्रत्येकीला वार नेमलेला. रविवारी सूर्याची, मंगळवारी मंगळाची, गुरुवारी वज्र धरलेल्या ज्युपिटरची. "अरे, गुरू म्हणजे तोच की," म्हणायचे. काका आंघोळ करून भिंगातून दर्शन घ्यायचे, पण बोट लावायचं नाही. क्रूसवाल्या मोहरेला वार सापडेना, तेव्हा तिला अख्खा नाताळ देऊन टाकला. लाडकी मात्र पाचवी. तिच्या पाठीवर चक्क पळी, तांब्या आणि पाणी शिंपडायचा कुंचला. "बघ, सम्राट झाला तरी आधी भटजी," असं ते कौतुकानं दाखवायचे. तिच्या खाचांत दोन हजार वर्षांची तांबूस माती होती, त्या मातीवर तर त्यांचा सोन्याहून जास्त लोभ.

मी आठवीत शाळा सोडलेला, तंदूरवर उभा राहणारा. माझ्या व्हिसाला काका जामीन. त्यांचा शिक्का बसला तर राहायचं, नाहीतर गाव गाठायचं. त्या वर्षी कागद घेऊन गेलो तो नेमका लक्ष्मीपूजनाला. काका आंघोळीला गेलेले, पाटावर पूजेला काढलेली ती पळी-तांब्याची मोहर, मळकी. एवढे उपकार, काहीतरी करावं म्हणून काकूंकडून चिंच-मीठ मागितलं आणि आई देव घासायची तशी लख्ख घासली. वर कुंकूही लावलं.

काकांनी भिंग लावलं, ते कितीतरी वेळ काढलंच नाही.

"चिंच?"

"हो काका. मीठपण."

"कागद ठेवून जा," एवढंच म्हणाले.

चार दिवस माझ्या रोट्या करपत होत्या. रविवारी भीत भीत गेलो, तर क्योतोचे एक म्हातारे नाणेवाले बसलेले. मोहर पाहून ते जवळजवळ रडवेले झाले. हे कुणी केलं, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. तेवढं जपानी मला कळायला लागलं होतं.

काकांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे सांगितलं, "दिवाळीला आमच्या घरी देव घासतात."

मग माझा लिफाफा पुढे सरकवला. खाली उतरल्यावर उघडून पाहिला. शिक्का होता, आणि शेजारी काकांच्या हातची तारीख लक्ष्मीपूजनाची.