हिरवा जोड कुणाचा होता

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव अर्शद. कधी झाला — तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, पुसदच्या बास्केटबॉल मैदानावर, अंतिम सामन्याची शिट्टी वाजायच्या जरा आधी. कोणी केला — मी.

संघटनेचं पत्रक लिहिताना मी पहिल्या तीन ओळींतच हे उरकतो. कोणावर, कधी, कोणी. हाताला सवयच लागली आहे. पण मी लिहिलेल्या एकाही पत्रकात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मी' नव्हतं. तहसीलदार होते, ठेकेदार होते, वसतिगृहाचे गृहपाल होते. माझं नाव नेहमी सगळ्यात खाली यायचं, आपला नम्र म्हणून. अविनाश राठोड.

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. घरी नाही, संघटनेत नाही. खरं तर सांगितली आहे — उलटी करून, भाषणात, माईक हातात घेऊन. तुम्ही ती ऐकली असेल. टाळ्याही वाजवल्या असतील.

आधी बुटाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. अमेरिकेत चाळीसेक वर्षांपूर्वी एका तरुण बास्केटबॉल खेळाडूसाठी एक बूट निघाला. घोट्यापर्यंत उंच, वरच्या बाजूला पंख असलेल्या चेंडूची खूण. पुढचा भाग वेगळा, टाच वेगळी, घोट्याची पट्टी वेगळी — प्रत्येक तुकडा निरनिराळ्या रंगात करता येतो. साचा तोच ठेवून रंग बदलत गेले आणि प्रत्येक रंगाला एक गोष्ट चिकटत गेली. पांढरा-लाल हा त्याच्या संघाच्या जर्सीचा. केशरी-काळा — कुठल्याशा प्रदर्शनी सामन्यात त्यानं उडी मारून बोर्डाची काच फोडली, त्या दिवशी अंगात असलेल्या जर्सीचा. निळा-काळा आला. आणि सगळ्यात मानाचा काळा-लाल. त्यात पांढरा रंग पुरेसा नाही, संघातल्या इतरांच्या बुटांशी जुळत नाही, म्हणून तिथल्या लीगनं त्यावर बंदी घातली, असं सांगतात. कंपनीनं त्याचीच जाहिरात केली — आम्हाला खेळताना घालू देत नाहीत, तुम्हाला कोण अडवणार?

हे सगळं मला अर्शदनं सांगितलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याला पाठ झालं होतं. त्याच्या मामाचं गाड्यांचं गॅरेज आहे, अर्शद तिथे मोटारसायकलच्या टाक्या रंगवतो. आमच्या संघाचा सगळ्यात चांगला नेमबाज तोच. दुरून, तिरप्या कोनातून, कसाही टाकला तरी चेंडू रिंगला न लागता जाळीतून खाली यायचा. त्या अंतिम सामन्यातून जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती, आणि अर्शदचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका — मी विसरलो नव्हतो.

कल्पनाही त्याचीच. बाजारात त्या बुटाची पांढरी कॉपी मिळते; पाचही जणांनी तीच घ्यायची आणि तो गॅरेजमध्ये पाच रंगांत रंगवून देणार. पाच पायांत बुटाचा सगळा इतिहास! डबे होते तेच रंग ठरले. काळा-लाल, पांढरा-लाल, निळा-काळा, केशरी-काळा. पाचवा हिरवा-काळा, कारण एका ट्रॅक्टरच्या बॉनेटसाठी आणलेला हिरवा उरला होता. तसा रंगही कंपनीनं पुढे काढला होता म्हणे. पण हिरव्याला गोष्ट नव्हती. बंदी नाही, फुटलेली काच नाही. म्हणून तो कोणालाच नको होता.

चिठ्ठ्या टाकल्या. हेल्मेट उलटं करून त्यात पाच चिठ्ठ्या. अर्शदच्या हातात काळा-लाल आला, तर तो स्टुलावर चढून नाचला. मी माझी उघडली.

हिरवा.

माझा आणि अर्शदचा पाय एकाच मापाचा. मी म्हणालो, "अर्शद, बदली कर ना यार. हिरवा तू घे. तुले तं चालतेच."

तो हसत होता, हसता हसता थांबला. "काहून बे? मलेच काहून चालते?"

मी खांदे उडवले, त्याच्या पाठीवर थाप मारली — आपण मित्राला गुंडाळताना मारतो तशी. त्यानं काळ्या-लालची चिठ्ठी माझ्या खिशात कोंबली. "घे. रडू नको."

काहून चालते — याचं उत्तर मला तेव्हाही येत होतं. तुम्हालाही येतं. मी बंजारा तांड्यावरचा पोरगा. शाळेत असताना माझी याडी, म्हणजे आई, आरशांची चोळी घालून मला सोडायला यायची, तेव्हा वर्गातली पोरं काय म्हणायची ते मी अजून विसरलेलो नाही. कपडा पाहून माणसाचा हिशेब लावणं म्हणजे काय, हे मला कोणत्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तरी मी तेच केलं. स्वतःवर बेतलं की इतकं चटकन समजतं, मग दुसऱ्याच्या बाबतीत ते समजणं कुठे जातं?

बूट सुरेख झाले. टेप लावून, एकेक तुकडा वेगळा मारून, कडा अशा की दुकानातल्या वाटाव्यात. पंकजनं — त्याच्या वाट्याला केशरी — पाच पायांचा गोल करून फोटो काढला आणि गावातल्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सुरू झालं. पुसदच्या संघात हा झेंडा कोणाचा? हे चाललंय काय? फोटोत केशरीही होता. केशरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी आम्हाला जर्सी देणाऱ्या भाऊंनी दुकानात बोलावलं. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्यांच्यावर चिडाल आणि मी सुटेन. अर्शद गॅरेजमध्ये होता, आम्ही चौघेच गेलो. भाऊ चिडलेले नव्हते, कंटाळलेले होते. "पोट्टेहो, मले सकाळपासून फोन येऊन राह्यले. हे हिरवे बूट कोनं ठरवले?"

इथे माझं काम सोपं होतं ना? हिरवा माझ्या चिठ्ठीत निघाला भाऊ, ट्रॅक्टरचा रंग आहे तो. एवढंच. ते हसले असते. चहा मागवला असता.

मी म्हणालो, "त्याचं त्यानं घेतलं भाऊ."

"मंग त्याले सांगा, दुसरे बूट घाल, नाई तं बसून राय."

बाकीचे तिघं गप्प राहिले. चिठ्ठ्या त्यांनीही पाहिल्या होत्या. त्यांचं ते लिहितील. मी माझं लिहितो आहे.

इथवर जे सांगितलं ते मी कधी तरी कबूल केलंही असतं. पोरवय, घाबरलो, तोंडातून निघून गेलं — असं काही म्हणता आलं असतं. रविवारचं तसं म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी मी मैदानाच्या पायरीवर बूट घालत बसलो होतो. अर्शद आला. हातात हिरवा जोड, पायात चप्पल. खेळायला दुसरे बूट त्याच्याकडे नव्हते. शुक्रवारी मी काय बोललो ते त्याच्या कानावर गेलं होतं, पंकजनं सांगितलं होतं. तरी तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अवि, बदलून घेऊ. तुहा रंग तू घाल, माहा मले दे. तू घातला तं कोनी काही म्हनत नाई बे. खरंच सांगून राह्यलो. राठोडच्या पायात हिरवा कोनाले दिसतच नाई."

काय मागत होता तो? माफी मागत नव्हता. भाऊंशी भांडायला सांगत नव्हता. त्याच्याच चिठ्ठीचा जोड मागत होता, खेळता यावं म्हणून. माझ्यावर काही आलंही नसतं. आणि समजा आलं असतं, तर चार टोमणे. पण तेवढेही टोमणे झेलून बघायची माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर — काळा-लाल मला आवडायला लागला होता. बंदी घातलेला बूट घालून मी बंडखोर दिसत होतो.

मी म्हणालो, "आता लेस बांधली ना बे."

हेच ते. तीन वर्षं मी हे वाक्य कोणाला ऐकू दिलं नाही. आता लेस बांधली ना बे. एक लेस तर अजून सुटीच होती. त्याला ती दिसत होती.

तो उठला, बाकावर जाऊन बसला. खेळाडूंच्या बाटल्या भरून ठेवल्या. मध्यंतरात पाहिलं तर बाकावर बूट होते, तो नव्हता. त्याच्या जागी राखीव पोरगा खेळला, आणि आम्ही हरलो. समोरच्या संघातली महागावची पोरं नाचली, त्यांनी नाचायलाच पाहिजे होतं. परत येताना कोणी तरी म्हणालं, आज अर्शद पाहिजे होता यार. हो ना यार, असं म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता.

जिल्ह्याच्या संघात पंकजची निवड झाली. अर्शद त्यानंतर मैदानावर आला नाही. हिरवा जोड मी घरी आणला, पिशवीत घालून. परत द्यायला म्हणून.

मग मी काय केलं असेल? मी पत्रक काढलं. 'रंगांना बंदी घालणारे तुम्ही कोण?' — ते तुम्ही वाचलं आहे. पुसदच्या बसस्टँडवर वाटलं, महागावला बाजाराच्या दिवशी वाटलं, ढाणकीला तर लोकांनी मागून नेलं. त्यात बुटाचा सगळा इतिहास घातला, अर्शदच्या तोंडचा, त्याचं नाव न घेता. काळ्या-लालवरची बंदी घातली. आमच्या एका मित्राला हिरव्या बुटांमुळे बाकावर बसवलं, ते घातलं. आणि त्याच्या खाली लिहिलं — 'त्या दिवशी मी त्याच्या बाजूने उभा राहिलो.'

त्या ओळीनं मला संघटनेत नाव मिळवून दिलं. भाषणांची बोलावणी तिथून सुरू झाली.

पुढे कधी तरी वाचनात आलं की ती बंदीची गोष्टही तशी सरळ नाही. खोदून पाहणारे म्हणतात, लीगचा आक्षेप होता तो बहुधा वेगळ्याच बुटावर, आधीच्या एका जोडावर. कंपनीनं ती गोष्ट विकायच्या बुटाला चिकटवली. हे वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. मी दुसरं काय केलं होतं? बंदी हिरव्यावर आली, आणि मी काळा-लाल घालून तिचा मान घेत फिरत होतो.

पत्रक अर्शदला मी स्वतः नेऊन दिलं होतं. हो, एवढा निर्लज्ज. त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, शेवटपर्यंत. म्हणाला, "लिवतं मस्त तू." मग हात पुढे केला, "अजून हायेत का? दे." मी आनंदानं गठ्ठा दिला. आठवड्यानं गॅरेजवरून गेलो तर पत्रकं एका मोटारसायकलच्या मडगार्डवर आणि सायलेन्सरवर टेपनं चिकटवलेली होती. टाकी रंगवताना बाकीच्या भागावर फवारा उडू नये म्हणून लावतात तशी. अर्शदनं मान वर केली, ओळखीचं हसला आणि पुन्हा काम करू लागला.

गेल्या वर्षी मी तो हिरवा जोड घातला. याडी म्हणायची, कोरे बूट पिशवीत कायले सडवतो. घालून पुसदला गेलो. बाजारातून, मशिदीच्या गल्लीतून, बसस्टँडवरून, सगळीकडून मुद्दाम चाललो. भाऊंच्या दुकानासमोर उभा राहिलो. ते बाहेर आले, पायाकडे पाहिलं.

"मस्त हायेत रे बूट, अवि," म्हणाले. "कुठून घेतले?"

अर्शद बरोबर बोलला होता. राठोडच्या पायात ते कोणाला दिसतच नव्हते. त्या रविवारी त्यानं मला आधीच सांगितलं होतं, उकिडवं बसून, हळू आवाजात, मला कमीपणा वाटू नये म्हणून.

मी माफी मागत नाही. ती मागायची असेल तर गॅरेजमध्ये जाऊन, त्याच्यासमोर. आणि तो देईल की नाही, हा त्याचा प्रश्न. तुमच्याकडे मात्र माझं एक काम आहे, आणि ते मी हात जोडून मागत नाही, सांगतो आहे. ते पत्रक तुमच्या घरात असेल — वहीत, कपाटावर, डब्याखाली अंथरलेलं. काढा. पेन घ्या. 'त्या दिवशी मी त्याच्या बाजूने उभा राहिलो' ही ओळ शोधा आणि खोडा. तिच्यावर लिहा: हिरवा जोड अविनाश राठोडचा होता. अर्शदनं परत घे म्हटलं, त्यानं घेतला नाही. लिहून झालं की ज्यांना ज्यांना ते पत्रक तुम्ही वाचायला दिलं होतं, त्यांना ते पुन्हा नेऊन द्या.