माझ्या टेबलावरचं लिनक्स

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इंदिरानगरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. नागपूरहून आलेली आणि तोंडाने फटकळ, ती आजही आहे. आमचं काम युनिक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, आणि अख्ख्या ऑफिसात युनिक्सचं मशीन एकच. ते एसीच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरात जातात तसं. कोड आपापल्या टेबलावर विंडोजमध्ये लिहायचा आणि तो चालतो का, हे बघायला त्या मशीनवर नंबर लावायचा. दिवसा सिनियर, रात्री ज्युनियर. शिवाय मुलींनी सातला घरी जायचं, हा नियम. मी ज्युनियर आणि मुलगी. मग माझा नंबर कधी? कधीच नाही!

तक्रार केली तर आमचे मॅनेजर, पुण्याचे, मराठीतच हसून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण द्या तरी आधी, सर."

ते त्यांना झोंबलं. "महिनाअखेरीस सगळे भाग जोडायचेत," ते म्हणाले. "तोवर तुझं मॉड्यूल झालं नाही तर दुसऱ्याला देईन. तू युजर मॅन्युअल लिही. मुलींचं इंग्रजी चांगलं असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मग मला रात्री थांबू द्या. तर म्हणे, घरमालकीण काय म्हणेल? मी के. आर. पुरमला राहायचे. मालकीण अक्का तिथल्या पिढीजात मराठी घरातल्या. त्यांना विचारलं तर कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "स्वल्प उशीर झाला तर दार मी उघडते की! तुझ्या साहेबाला कसला त्रास?" मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

बरं, नियम तर नियम. स्टोअरमध्ये एक लॅपटॉप धूळ खात पडला होता. बॅटरी मेलेली, बिजागरी तुटलेली. स्क्रीन मागे पडू नये म्हणून पाठीशी जाडजूड पुस्तक लावावं लागे. तो मी रीतसर मागून घेतला. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती घातली. आवाज नाही, चित्रं नाहीत, माऊस हलेना. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पण युनिक्सचं बहुतेक सगळं तिथे होतं, माझ्या टेबलावर, चपला घालून! त्या दिवशी मला इतका आनंद झाला की कँटीनमध्ये सगळ्यांना मीच चहा पाजला.

सरांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या. "हे फुकटचं खेळणं काढ. बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी."

"आणि मोठ्या मशीनवर चाललं नाही तर?"

"तर मॅन्युअल लिहीन."

बोलून बसले खरी. मग त्यांच्या नाकावर टिच्चून दिवसभर तिथेच लिहायचं, तिथेच चालवायचं, चुकलं की लगेच दुरुस्त करायचं. सातच्या ठोक्याला बस पकडायची.

महिनाअखेरीस फ्लॉपी घेऊन एसीच्या खोलीत गेले. सगळे उभे. कोड चढवला आणि पडदाभर चुकांची रांग लागली. मागून सर म्हणाले, "बघ, मी सांगत होतो."

"थांबा हो जरा!" मी जवळजवळ ओरडलेच. रांगेतली फक्त पहिली चूक वाचली. लिनक्समध्ये एक फाईल ज्या जागी असते, ती इथे दुसरीकडे होती, बाकीच्या चुका तिच्यामुळेच. एक ओळ बदलली. पुन्हा चालवलं. चाललं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मॉड्यूल माझंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सर गोड आवाजात म्हणाले, "तो लॅपटॉप कंपनीचा आहे. मशीनच्या खोलीत ठेवू, सगळे पाळीपाळीने वापरतील."

"चालेल," मी म्हटलं. "मग रात्रीची पाळी आम्हा मुलींनाही द्या. आणि घरी सोडायला गाडी."

सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच."

ऑफिसातल्या मुलींना वाटलं, मी जिंकले. कसली जिंकले! मला गाडी हवी होती.