मारुतीच्या मैदानातली उलटी फेरी

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी ठमाबाईंचं नाव घेतो. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या अंगाला त्यांची वाडी. दर सोमवारी त्या अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर बेलाची पानं घेऊन बसत. मी त्यांना ओळखत नव्हतो. आणि ज्या सकाळी त्या माझ्याशी बोलल्या, त्या सकाळी माझा देवावरचा विश्वास डळमळलेला होता, स्वतःवरचा तर पारच उडालेला.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. इंजिनिअर झालो, पण कारखान्यांकडून उत्तरं येईनात. तेव्हा उल्हासनगरच्या सिंधी हशूभाईंनी मला आपल्या गॅरेजमध्ये ठेवून घेतलं. आयुष्यभर ते नुसत्या कानानं गाडीचं दुखणं ओळखत आले होते. आता त्यांना कमी ऐकू यायचं. येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "आता कान ह्याचा. बी. ई. आहे, साईं!" त्या शब्दानं माझी छाती फुगायची. थोडी जास्तच.

अशात अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या साहेबांची स्पोर्ट्स कार आली. जुनी, परदेशी, लाल, दोघांपुरती, बिनछपराची. निवृत्तीनंतर बायकोला शेजारी बसवून हिंडायचं म्हणून त्यांनी ती जिवापाड जपलेली. वेग घेतला की मागून घरघर यायची. मी पुस्तक उघडलं आणि सांगून टाकलं, डिफरन्शियल. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला दात्यांचा गोळा, जो इंजिनची ताकद दोन्हीकडे वाटतो. तो खोलला, दात्यांमधली फट मोजली, पातळ चकत्या घालून नीट बसवला. गॅरेजमागे मोठं मैदान होतं आणि त्याच्या मधोमध मारुतीचं लहानसं देऊळ. रस्त्यावरच्या गोंगाटात बारीक आवाज कळत नाही, म्हणून आम्ही गाड्या तिथेच फिरवून बघायचो. चांगल्या वेगात चार फेऱ्या मारल्या. आवाज गायब! दुसऱ्या दिवशी साहेब परत हजर. बदलापूरच्या रस्त्याला तीच घरघर. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. मैदानात शांत, रस्त्यावर पुन्हा तेच.

"सोमवारचा दिवस देतो," साहेब म्हणाले. "नाहीतर मंगळवारी गाडी मुंबईला."

ते गेल्यावर हशूभाई म्हणाले, "डिग्री को कान नहीं होता क्या रे?" हसत म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या भरवशावर त्यांनी शब्द दिला होता. मी मनाशी ठरवलं, सोमवारी जमलं नाही तर हे काम सोडायचं आणि गावी जायचं.

सोमवारी सकाळी मंदिरात गेलो ते मागायला नव्हे, जवळजवळ भांडायलाच. प्रदक्षिणा घालत होतो, पण डोक्यात दाते फिरत होते. गाभाऱ्यातलं पाणी जिथून बाहेर येतं त्या पन्हळीवरून मी पाय टाकणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"अरं दादा! कुठं चाललास? शंकराचं पाणी वलांडतोस?" बेलाची टोपली घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती. "शिकलेला दिसतोस, नि एवढं ठावं नाय? आलास तसा माघारी फिर. दुसऱ्या बाजूनं ये पन्हळीपातूर, मंग फेरी पुरी."

मी लाजून माघारी वळलो. देऊळ माझ्या डाव्या हाताला आलं आणि मी जागच्या जागी थांबलो. मैदानात मी मारुतीला एकदाही डाव्या हाताला घेतलं नव्हतं! देवाला उलटी प्रदक्षिणा कोण घालणार? गाडी कायम उजवीकडेच वळत होती. म्हणजे भार कायम वळणाच्या बाहेरच्या, डाव्या चाकांवर, आणि उजवं चाक बिनभाराचं, गप्प.

धावत गॅरेज गाठलं. "हशूभाई, उलटी फेरी मारायची."

"हनुमानाला उलटी? पागल झाला काय?" मग त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि शेजारी येऊन बसले. "चल. पाप आधा-आधा."

अर्धी फेरी झाली नाही तोच मागून अशी घरघर उठली की हशूभाई सीटवर उडालेच. "अरे, ये तो मेरे को भी सुनाई देता है!"

जॅक लावून मागचं उजवं चाक हातानं फिरवलं. बोटांना बारीक खरखर लागली. चाकाची बेअरिंग गेली होती. दोन्ही वेळा चाकाचा दांडा, म्हणजे अॅक्सल, काढताना ती माझ्या हाताखालून गेली होती, आणि मी ती पुसून परत बसवली होती, कारण मला आधीच सगळं ठाऊक होतं. दुपारपर्यंत नवी बेअरिंग बसली. संध्याकाळी साहेब आणि बाईसाहेब बदलापूरपर्यंत जाऊन आले. दोघांचे केस विस्कटलेले, आणि दोघं लहान मुलांसारखी हसत होती.

हा चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. एवढंच जाणतो की मी भांडायला गेलो होतो आणि मला माघारी वळवलं गेलं. आपलं शहाणपण पन्हळीपाशी ठेवून फिरलं, की जे ऐकू येत नव्हतं ते येतं. मंदिराबाहेर विचारून त्या बाईंचं नाव-गाव मिळवलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वाडीतल्या शाळेच्या गुरुजींच्या पत्त्यावर मी हे पत्र टाकलं. त्यांनी ते ठमाबाईंना वाचून दाखवलं.

"ती. स्व. ठमाबाईंस सा. न. वि. वि.

सोमवारी तुम्ही ज्याला पन्हळीपाशी अडवलंत, तो मी. त्यामुळे एक गाडी बरी झाली आणि माझं काम टिकलं. आता आम्ही मैदानात दोन्ही बाजूंनी फेरी मारतो. मारुतीची आधी माफी मागतो. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा हट्ट आहे की येत्या सोमवारी देवळातून वाडीपर्यंत तुम्हाला त्याच गाडीतून सोडायचं. नाही म्हणू नका. टोपली मांडीवर घ्या आणि पदर घट्ट धरा. गाडीला छप्पर नाही."