काकांनी बसवलेले तीन ठिपके

स्टुडिओत त्यांना सगळे 'गुळगुळीत काका' म्हणायचे. लग्नाच्या फोटोंतल्या सुरकुत्या आणि पुटकुळ्या त्यांनी तीस वर्षं इतक्या मायेनं पुसल्या होत्या, की नवरीची आत्या स्वतःचा फोटो बघून आधी दचकायची आणि मग आणखी दोन प्रती मागायची. दिलदार माणूस! कुणाचा डाग राहिलेला त्यांना बघवायचा नाही.

त्या सकाळी मात्र त्यांच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

मालकीणबाईंनी नुकताच फोन ठेवला होता. "काका, नाव काढलंत! गुराख्यावर झेपावलेला बिबट्या तुम्ही साफ केलेल्या फोटोवरून ओळखला गेला. ओढ्याकाठची मादी, दोन पिल्लांची आई. कुशीवर ओळीत तीन ठिपके फक्त तिलाच आहेत म्हणे. वनाधिकाऱ्यांनी बंदूकवाले पाठवलेसुद्धा."

"ठिपक्यांवरून ओळखतात?"

"मग? आपल्या बोटांचे ठसे, तसे त्यांचे ठिपके."

काकांनी कप खाली ठेवला. फोटो वनखात्याच्या फोटोग्राफरनं हल्ल्याच्या दिवशी काढलेला, तिन्हीसांजेचा, झाडीतला. उजेड इतका कमी, की जनावर वाळूत लोळून आल्यासारखं दाणेदार दिसत होतं. काकांनी सवयीनं कॉम्प्युटरवरची दाणे घालवायची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. दाणे गेले, पण कुशीवर लोणी फासल्यासारखी जागा उरली. ती रिकामी कशी ठेवायची? म्हणून त्यांनी खांद्यावरचे तीन ठिपके उचलून तिथे बसवले. ओळीत, कारण ओळीत छान दिसतात.

"बाई," काका म्हणाले, "ते तीन ठिपके माझे आहेत."

बाई हसल्या. मग काकांचा चेहरा पाहून त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

वनखात्याच्या कचेरीत वनाधिकारी ऐकून खुर्चीतून उठलेच. "काका, जंगल म्हणजे वरात आहे का? गाडी जाऊन तासभर झाला! तिथे फोन लागत नाही!" त्यांनी लगेच एका रक्षकाला मोटरसायकलवरून मागे पिटाळलं. फोटोग्राफर तिथेच होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, मूळ फोटो माझ्याकडे आहेत. बिबट्या एकाच जागी उभा होता, लागोपाठ आठ काढलेत."

"आठ?" काका कॉम्प्युटरपाशी बसले. "पट्टीला हात लावत नाही. आठही एकावर एक ठेवतो. दाणा दर फोटोत जागा बदलतो, ठिपका बदलत नाही. जे आठांत आहे तेवढंच उरेल."

शेपटीची टोकं जुळवताना दोनदा चुकलं. आणि मनात वेगळीच धडकी होती: खरोखरच तीन ठिपके ओळीत निघाले तर? आपण सुटावं म्हणून आपल्याला तसंच हवंय असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

चित्र हळूहळू निवळलं. जराशी रेती राहिलीच. पण कुशीवर ओळ नव्हती. एक तुटकं कडं होतं आणि शेजारी एकच टिंब.

अधिकाऱ्यांनी मादीचा जुना फोटो शेजारी धरला. एकेक ठिपका बोटानं ताडून पाहिला. "ही ती नाही," ते म्हणाले. "हा आमच्या वहीत नाहीच. म्हणजे तो अजून मोकळा आहे. गुराख्यांना निरोप द्या, तिकडे कुणी फिरकू नका. आणि काका, तुम्ही काय केलंत ते लिहून द्या."

काकांनी लिहिलं. तीस वर्षांची नोकरी त्या कागदावर डुगडुगत होती, तरी एकही शब्द त्यांनी साफसूफ केला नाही. बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

मग नुसतं थांबणं. घड्याळ, पंखा, बाहेरचा रस्ता.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी फाटकातून आत आली. पुढे मोटरसायकल होती, पण ती वेळेत पोहोचली होती का, हे रक्षकाच्या धुळीनं माखलेल्या चेहऱ्यावरून कळेना. सगळे धावले. काका पायरीवरच थांबले. त्यांनी खांब धरला, मान उंच केली आणि गाडीच्या मागच्या भागात पाहिलं.

दोर होते, ताडपत्री होती. बाकी काही नव्हतं.