इनपुटचं बटण

आमच्या गायन पार्टीत एक रीत होती. गाणं एकदा उचललं की पूर्ण गळ्यानं शेवटच्या कडव्यापर्यंत न्यायचं. लाईट गेली, भोंगा बंद पडला, तरी थांबायचं नाही. बेलवलीपासून अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मागच्या वस्तीपर्यंत प्रत्येक जयंतीला मी तसाच गायलो. शाळा चौथीपर्यंत, पण गळा देवळाच्या घंटेसारखा होता, हे दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो.

मग जयंतीला डीजे आले आणि आम्हाला कुणी बोलवेना. त्यानंतर घशात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, तोवर गळ्याला ताण देऊ नका.

माझं स्वतःचं एक गाणं होतं. शब्द आणि चाल दोन्ही माझीच. शब्द कागदावर होते. धृपद बायकोला पाठ, कारण ती कोरसला असायची. पण अंतऱ्याची चाल फक्त माझ्या गळ्यात. आता गळाच जाणार म्हटल्यावर ती कुठंतरी ठेवायला पाहिजे होती.

"मोबाईलवर म्हणा की," बायको म्हणाली.

"मोबाईलवर तू पापडाची रेसिपी भर. माझं गाणं स्टुडिओत होईल."

"बरं. राजेसाहेबांची स्वारी निघू दे."

उल्हासनगरात कपड्याच्या दुकानाच्या वर एका सिंधी माणसाची रेकॉर्डिंगची खोली आहे. चाळिशीचा, बोलायला गोड. बायकोला घेऊन तिथं गेलो. टेबलावर एक काळी पेटी होती, तिच्यावर मोठं बटण आणि बारीक दिव्यांची रांग. आमच्या अँप्लिफायरचं बटण मी स्वतः फिरवलेलं, म्हणून विचारलं, "आवाज इथूनच वाढतो ना?"

"नहीं काका, ये इनपुट है. तुमच्या गळ्यातून आलेलं किती आत घ्यायचं, ते हे ठरवतं. जास्त घेतलं तर लाल दिवा लागतो, आवाज फाटतो. फाटलेला मागून शिवता येत नाही. कमी घेतलं और बाद में बढ़ाया, तो पंखे का आवाज भी बढ़ेगा."

एवढं मला कळलं. मग तो म्हणाला, "सबसे ऊंचा हिस्सा थोडा गाओ, लेवल लेता हूं."

मी उभा राहिलो आणि गाणं उचललं. दुसऱ्या ओळीलाच लाल दिवा लागला. त्यानं बटण मागं फिरवलं, पुन्हा लाल. मग त्यानं शेजारची बारकी कळ दाबली. नंतर कळलं, अंगावर येणारा आवाज ती आधीच कापते. मला बरं वाटलं. मशीन मागं सरकत होतं, मी नाही. त्यानं हात वर केला. आमच्या बैठकीत ऐकणाऱ्यानं हात वर केला की ती दाद असते, आणि गायकानं आणखी वर जायचं असतं. मी वर गेलो. अंतरा असा लागला की बायकोनं डोळ्याला पदर लावला. शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं आणि थांबलो.

"काका, रुकने को बोल रहा था," तो म्हणाला. "अब सेट हो गया. अब रेकॉर्ड करते हैं."

"म्हणजे? आत्ताचं?"

"वो तो लेवल था. रेकॉर्ड चालू नव्हतं."

बायको पाणी घेऊन आली. प्यायलो. तोंडात रक्ताची चव होती. पुन्हा उभा राहिलो, तोंड उघडलं. नुसता वारा. पहिला हिरवा दिवासुद्धा लागला नाही. त्यानं ती कळ सोडली, बटण पुढं नेलं, आणखी पुढं, पार शेवटपर्यंत. कानातल्या हेडफोनमध्ये सूं आवाज आला, खालच्या दुकानातली शिलाई मशीन आली, बायकोच्या बांगड्या आल्या. मी तेवढा आलो नाही. बराच वेळ बसलो, परत बघितलं. तेच.

जिना उतरताना बायको म्हणाली, "थोडंसंच गा म्हणाला होता ना तो?"

माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. अर्धं गाणं मला येत नाही.

ऑपरेशनपर्यंत आवाज परतला नाही. आता अंबरनाथला घरी असतो, काय पाहिजे ते पाटीवर लिहितो. काल बायको कागद घेऊन समोर बसली. धृपद बरोबर म्हणाली. अंतऱ्याला थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मी हात वर नेला. ती वर गेली, पण भलतीकडंच. हात खाली घेतला. ती खाली आली, तेही चुकलं. मी मान हलवली.

"मग कसं? सांगा ना," ती म्हणाली.

मी पाटी उचलली. खडू हातात तसाच राहिला. चाल काय लिहिणार?

"असू दे," ती म्हणाली. मग तिनं धृपदच पुन्हा म्हटलं, आणि अंतरा येतो तिथं गप्प झाली.